सवलतीतलं हलकं इन्सुलेटेड जॅकेट: घ्यावं की सोडावं, हे ठरवायचं कसं

छापील किंमत ९,९९९ रुपये, ६० टक्के सवलत, म्हणजे हातात पडणार ३,९९९ ला. वजन ३०० ग्रॅम. लेबलवर '८०० फिल पॉवर' आणि 'उणे ५ अंशांपर्यंत'. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानं थंडीचा माल संपवायला काढतात तेव्हा अशी जॅकेटं सगळीकडे दिसू लागतात, आणि हे आकडे वाचून हात पटकन खिशाकडे जातो. पण यातल्या एकाही आकड्यावरून आत ऊब देणारा माल किती ग्रॅम भरला आहे ते कळत नाही. तो आकडा शोधायचा, नाही मिळाला तर हाताने आणि पट्टीने अंदाज काढायचा, आणि मग आपल्या ट्रेकला तेवढी ऊब लागते का ते बघायचं. सवलत किती टक्के आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे जॅकेट घालून बसणार कुठे?

'बसणार' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. चढ चढताना अंग इतकं तापतं की असं जॅकेट घालून दहा-पंधरा मिनिटांत पाठ घामाने भिजते, आणि भिजलेलं जॅकेट नेमकं वर थांबल्यावर थंड पडतं. त्याचा खरा उपयोग थांब्यावर: कॅम्पवरची संध्याकाळ, चहाचा थांबा, पहाटे शिखरावर सूर्योदयाची वाट बघतानाचा तास. म्हणून आधी हे ठरवा की वर्षाकाठी असे किती तास, किती थंडीत बसायचं आहे.

सह्याद्रीत हे तास डिसेंबर-जानेवारीतच येतात. उंची दर हजार मीटरला वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आणि कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर, म्हणजे माथ्यावर सात अंशांचा फरक धरून चाला. शांत, निरभ्र रात्री मात्र हा हिशेब उलटतो. जड, थंड हवा उताराने खाली सरकून खोलगट जागेत साठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने. त्यामुळे तंबू ओढ्याकाठी लावणार की धारेवर, यानेही चार-पाच अंशांचा फरक पडतो.

एवढ्या थंडीसाठी पूर्ण बाह्यांचा थर्मल, बऱ्यापैकी जाड फ्लीस (लोकरीसारख्या मऊ पॉलिएस्टर कापडाचं जॅकेट) आणि वारा अडवणारा विंडचीटर पुरतो. फक्त सह्याद्रीत फिरणाऱ्याने सवलत बघून डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांचं) जॅकेट घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते वर्षातले दहा महिने कपाटात पडून राहतं, आणि त्याचं नाजूक कापड कारवीच्या काटक्यांत आणि बोरी-बाभळीच्या काट्यांत फाटतं. चुलीजवळ बसताना उडालेली एक ठिणगी नायलॉनला वितळवून आरपार भोक पाडते.

हिमालयाची गोष्ट वेगळी. केदारकंठा ३,८१० मीटर, संदकफू ३,६३६ मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर. इथे मुक्कामी रात्र शून्याखाली जाते, आणि केदारकंठ्याला अंधारात निघून माथ्यावर वाऱ्यात थांबावं लागतं. इथे इन्सुलेटेड जॅकेट लागतंच. पण आयुष्यात एखादाच असा ट्रेक करायचा असेल, तर सांकरीसारख्या पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतं. घेताना पुढे दिलेल्या हाताच्या चाचण्या त्यालाही लावा, कारण भाड्याची जॅकेटं वर्षानुवर्षं दाबून दाबून चपटी झालेली असतात.

आता ते 'उणे ५ अंश'. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ ही प्रमाणित चाचणी आहे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या बॅगांची तुलना करता येते. ट्रेकिंग जॅकेटसाठी तशी सर्रास वापरली जाणारी चाचणी नाही. कंपनी स्वतःच्या पद्धतीने आकडा देते, आणि तो बहुतेक वेळा 'आत थर्मल आणि फ्लीस घालून, हालचाल करताना' असा असतो. एकाच कंपनीची दोन जॅकेटं ताडून बघायला तो आकडा ठीक आहे. त्याच्या भरवशावर बर्फात जाऊ नका.

आत काय भरलं आहे?

'पफर' म्हणजे फक्त कप्प्याकप्प्यांची फुगीर शिवण. आत काय आहे ते त्या शब्दातून कळत नाही. 'डाऊन-लाइक', 'डाऊन फील', 'फॉक्स डाऊन' हे सगळं पॉलिएस्टर. जाहिरात बाजूला ठेवा आणि आतल्या शिवणीत अडकवलेली पांढरी पट्टी वाचा. तिथे कापड, अस्तर आणि फिलिंग अशा वेगवेगळ्या ओळी असतात. फिलिंगपुढे '९०% डक डाऊन, १०% फेदर' असं काही असेल तर ते डाऊन. '१००% पॉलिएस्टर' असेल तर सिंथेटिक, मग समोर काहीही लिहिलेलं असो.

डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीकडचा, मधे कडक दांडी नसलेला मऊ कापसासारखा पुंजका. फेदर म्हणजे दांडीचं पीस. पहिल्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकं जॅकेट हलकं आणि फुगीर. ९०/१० चांगलं, ८०/२० चालण्याजोगं. त्याखाली गेलं की वजन वाढतं, ऊब त्या मानाने वाढत नाही आणि दांड्या कापडातून टोचायला लागतात. 'आरडीएस' ही खूण पक्ष्यांना क्रूरपणे वागवलं नाही याबद्दलची आहे. ती महत्त्वाची आहे, पण तिचा उबेशी संबंध नाही.

सिंथेटिकमध्ये पॉलिएस्टरच्या तंतूंची चादर असते आणि ती दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. प्रायमालॉफ्टसारख्या ब्रँडच्या नावापुढे ६० किंवा १०० असा आकडा दिसतो, तो हाच. पुष्कळ जॅकेटांत धडाला ६० आणि बाह्यांना ४० असतं. ६० ची चादर सह्याद्रीच्या थंडीला पुरे. हिमालयात कॅम्पवर बसायला १०० च्या आसपास हवी. सारख्या वजनात डाऊन जास्त उबदार आणि जास्त दाबलं जाणारं, पण ओलं झालं की त्याचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. सिंथेटिक ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरून ठेवतं आणि लवकर वाळतं.

आपल्याकडे निवड करताना एक गोष्ट विसरली जाते: जॅकेट वर्षभर राहणार कुठे? मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते. डाऊन धुतल्यावर घरी ड्रायर नसेल तर सावलीत आडवं पसरून, दर दोन-तीन तासांनी बोटांनी गोळे फोडत, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवावं लागतं. आत ओल राहिली तर कुबट वास धरतो आणि तो सहजासहजी जात नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्याने आणि वर्षाला एक-दोनच ट्रेक करणाऱ्याने आधी सिंथेटिक बघावं. पुण्या-नाशिककडे राहून दरवर्षी हिमालयात जाणाऱ्याला डाऊन परवडतं. नीट सांभाळलं तर ते दहा-दहा वर्षं टिकतं.

सिंथेटिकचं दुखणं वेगळं. पुन्हा पुन्हा दाबल्याने त्याचे तंतू मोडतात आणि फुगवटा परत येत नाही. सवलतीतलं जुनं सिंथेटिक जॅकेट दोन-तीन वर्षं गोदामात पिशवीत दाबून ठेवलेलं असू शकतं. ते नवं दिसेल, पण त्याची ऊब कमी झालेली असेल. टॅगवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना छापलेला असला तर जरूर बघा.

ग्रॅम गुणिले फिल पॉवर

डाऊनच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत इथे होते. फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन किती घन इंच जागा भरतं तो आकडा. तो डाऊनचा दर्जा सांगतो. जॅकेट किती उबदार ते ठरतं दर्जा आणि प्रमाण या दोन्हींवर, म्हणून दोन्हींचा गुणाकार करायचा.

समजा, एका जॅकेटमध्ये ८०० फिल पॉवरचं ७० ग्रॅम डाऊन आहे: ७० × ८०० = ५६,०००. दुसऱ्यात ६०० फिल पॉवरचं १२० ग्रॅम: १२० × ६०० = ७२,०००. साध्या दर्जाच्या जॅकेटमध्ये फुगवटा जवळपास २८ टक्के जास्त निघाला, फक्त डाऊनचं वजन ५० ग्रॅमने वाढलं. पाठीवर ५० ग्रॅम कळतसुद्धा नाहीत. मोठ्या अक्षरांत '८००' छापलेलं आणि भरण्याचं वजन कुठेच न लिहिलेलं जॅकेट दिसलं की समजा, ते वजन बहुधा सांगण्याजोगं नाही.

मध्यम मापाच्या, हूड असलेल्या ७००-८०० फिल पॉवरच्या जॅकेटसाठी ठोकताळा असा: ५० ते ७० ग्रॅम भरलं असेल तर सह्याद्रीची हिवाळी रात्र, किंवा हिमालयात फ्लीसवरचा जादा थर. ९० ते १२० ग्रॅम असेल तर शून्याच्या थोडं खाली, आत थर्मल-फ्लीस घालून कॅम्पवर बसता येतं. बर्फातल्या रात्री शांत बसायचं असेल तर १५० च्या पुढे हवं. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर तपशिलात 'फिल वेट' म्हणून असतो. नसेल तर कंपनीला लिहून विचारा, कोणत्या मापासाठी हेही विचारा. एक्सएलमध्ये मीडियमपेक्षा जास्त डाऊन जातंच.

उत्तर आलंच नाही तर पट्टी काढा. जॅकेट झटकून सपाट टेबलावर पसरा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, आणि छातीवरच्या एका कप्प्याच्या मध्यभागी पुढच्या एकाच थराची जाडी मोजा. मापताना कापड दाबू नका. दीड सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते चांगल्या फ्लीसपेक्षा फार पुढचं नाही. दोन-अडीच सेंटिमीटर असेल तर हलक्या जॅकेटसाठी उत्तम. शिवणीवर मात्र जाडी शून्यच मिळेल, कारण हलक्या जॅकेटांत वरचं कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवलेलं असतं. कप्पे जितके अरुंद तितक्या शिवणी जास्त, आणि वारा शिरायच्या जागाही तितक्या जास्त. तीन सेंटिमीटरचे बारीक कप्पे दिसायला सुबक असतात, पण आत तेवढंच डाऊन असेल तर पाच-सहा सेंटिमीटरचे कप्पे जास्त फुगतात.

हातात घेतल्यावर

दुकानात ही तपासणी पाच मिनिटांत होते. घाई करणारा विक्रेता असला तरी सोडू नका.

सुरुवात खांद्यापासून करा. जॅकेट ट्यूबलाइटसमोर धरून खांद्याचे आणि काखेजवळचे कप्पे बघा. डाऊन खाली घसरतं, आणि खांद्यावर सॅकचे पट्टे येतात, त्यामुळे रिकामे कप्पे आधी तिथेच सापडतात. प्रकाश आरपार येणारा, हाताला दोन कापडंच लागणारा कप्पा दिसला तर तो झटकून भरतो का बघा. दोन-तीन कप्पे तसेच राहिले तर ते जॅकेट परत टांगा.

मग एक बाही मुठीत घट्ट आवळा, दहापर्यंत मोजा आणि सोडा. चांगलं डाऊन हळूहळू पण पूर्ण उघडतं. सिंथेटिक लगेच उसळतं. मुठीचा ठसा तसाच राहिला, किंवा बोटांना आत गोळे लागले, तर माल ओला तरी झालेला आहे, नाहीतर धुऊन परत आलेला.

कापडाला तोंड लावून जोरात फुंका. पलीकडच्या तळहाताला वारा सरळ लागला तर धारेवरचा बोचरा वाराही तसाच येईल, आणि मग वरून विंडचीटर घालणं सक्तीचं. कापडाचा जाडेपणा डेनिअरमध्ये असतो: १० डेनिअरचं कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, सॅकच्या पट्ट्याने घासतं. २० ते ३० डेनिअरचं थोडं जड, पण आपल्या वापराला तेच बरं.

पाण्याचे चार थेंब बाहीवर टाका. ते गोल राहून घरंगळले तर वरचा लेप शाबूत आहे, पसरून मुरले तर तो गेलेला आहे. लेप असला तरी अशी जॅकेटं पावसाची नसतात. शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं. परदेशातून कुणी आणत असेल तर एक बारकावा: कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस रसायनं (पाणी आणि तेल झटकून टाकण्यासाठी लेपात घालतात ती) वापरलेले बहुतेक नवे कपडे विकायला बंदी आहे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या साठ्याचा लेप वेगळा असू शकतो. नव्या, पीएफएएस नसलेल्या लेपावर तेलाचे डाग लवकर धरतात आणि तो अधिक वेळा धुऊन ताजा करावा लागतो.

चेन वीस वेळा वरखाली करा, तीही घातलेल्या जॅकेटची आणि एका हाताने. हलक्या जॅकेटांत चेनच्या रनरमध्ये आतलं पातळ कापड अडकणं हा नेहमीचा त्रास आहे, आणि ते ओढून काढताना तिथेच फाटतं. चेनच्या मागे कापडाची कडक पट्टी शिवलेली असेल तर अडकत नाही आणि वाराही थांबतो. चेनवर 'वायकेके' (नावाजलेली चेन बनवणारी कंपनी) कोरलेलं असणं ही चांगली खूण आहे, पण नकली मालावरही ती अक्षरं सापडतात, म्हणून हाताने तपासायचंच. काठमांडूच्या ठमेलमध्ये नामांकित कंपन्यांच्या खुणा लावलेला नकली माल खुलेआम मिळतो. त्यातली काही जॅकेटं त्या किमतीला वाईट नसतातही, पण त्यावर छापलेल्या फिल पॉवरला काही अर्थ नाही.

शेवटी वास घ्या. कुबट किंवा कोंबडीच्या खुराड्यासारखा वास म्हणजे डाऊन नीट धुतलेलं नाही. तो वास पावसाळ्यात दुप्पट होतो.

माप

फ्लीस घालूनच दुकानात जा, मार्च असला तरी. हात पूर्ण वर करा: जॅकेटची खालची कड कमरेच्या वर सरकता कामा नये. दोन्ही हात पुढे नेऊन स्वतःला मिठी मारा: पाठीवर ताणलं गेलं तर तिथलं डाऊन दबतंय आणि तेवढी ऊब जातेय. उलट फार ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला आतली गरम हवा गळ्यातून बाहेर पडते. कमरेला नाडी आणि मनगटाला इलॅस्टिक हवंच. हूड घालून मान डावी-उजवीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळला नाही तर एक डोळा झाकला जातो, आणि अंधारात उतरताना ते धोक्याचं आहे.

युरोपीय मापाच्या जॅकेटांच्या बाह्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना लांब होतात. सवलतीत बहुतेक एक्सएस आणि डबल एक्सएलच उरतात. 'एक माप मोठं, पण चालेल' हा विचार इथे महागात पडतो.

आता किंमत

छापील किंमत विसरा. तेच मॉडेल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि आणखी दोन ठिकाणी शोधा, तीन-चार आठवडे किमतीचे स्क्रीनशॉट ठेवा. ९,९९९ ला ते कधीच विकलं गेलं नसेल, तर ६० टक्के सवलतीला अर्थ उरत नाही. 'फक्त २ शिल्लक' असं दिसलं तरी थांबा. अशी खोटी घाई दाखवणं केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसव्या युक्त्यांच्या यादीत आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. तरी बिल करण्याआधी अंतिम रक्कम विचारून घ्या, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या कपड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि तो वरून लागला तर हिशेब बदलतो.

मग भागाकार करा. ३,९९९ चं जॅकेट वर्षाला दहा रात्री, पाच वर्षं वापरलं तर एका रात्रीला ८० रुपये. वर्षाला दोनच रात्री वापरलं तर ४०० रुपये. हा आकडा तुमच्या ट्रेकच्या पायथ्याशी भाड्याला किती पडतात त्याच्याशी ताडा. विकत घेतलेल्या जॅकेटच्या बाजूने एक गोष्ट जरूर धरा: ते स्वच्छ असतं आणि मापाचं असतं.

सवलत कशामुळे आहे, तेही विचारा. गेल्या वर्षीचा रंग, बंद झालेलं मॉडेल, हंगाम संपला ही कारणं निर्धोक. 'परत आलेला माल' असेल तर ट्यूबलाइटची आणि मुठीची चाचणी दुप्पट काळजीने करा. 'सेकंड्स' असेल तर दोष नेमका कुठे ते दाखवायला सांगा. खिशाची शिवण वाकडी असेल तर घ्या, चेन किंवा कप्प्यांची शिवण सदोष असेल तर सोडा. बदलून मिळणार नाही म्हणत असतील, तर किमतीत तेवढी जोखीम उतरलेली दिसली पाहिजे.

घरी आल्यावर, टॅग न काढता

कुरिअरने आलेलं जॅकेट दाबलेलं असतं. उघडून, झटकून २४ तास हँगरला लावा, आणि मगच पट्टीने मोजा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लिहिलेल्यापेक्षा २०-३० ग्रॅम इकडेतिकडे चालतं, मापाने तेवढा फरक पडतो.

काळा टी-शर्ट घालून वर जॅकेट अर्धा तास घाला. एसी १८ वर आणि टेबलफॅन समोर. यातून उणे तापमानाचा अंदाज येणार नाही, पण गळा, कंबर आणि चेन यांतून वारा कुठे शिरतो ते लगेच कळतं. काढल्यावर टी-शर्ट बघा. दोन-चार पांढरे तंतू नव्या जॅकेटमधून निघतातच. शिवणीच्या रेषेत ओळीने पिसं चिकटली असतील तर परत पाठवा, ती गळती थांबत नाही. एखादी दांडी बाहेर डोकावली तर उपटू नका. मागच्या बाजूने चिमटीत धरून आत ओढून घ्या आणि भोकावर बोट चोळा, म्हणजे धागे पुन्हा जवळ येतात.

ठेवायचं ठरलं, तर बरोबर आलेली छोटी पिशवी फक्त प्रवासासाठी. बाकीचे महिने उशीच्या सुती अभ्र्यात सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, आणि पावसाळ्यात कोरडं ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून सावलीत दोन तास वाऱ्यावर टाका.